सोंड्यांच्या परिषदेला तलवार घेऊन

आमचे चिरंजीव धान्यातले सोंडे मोजतात. हे मी थट्टेने म्हणत नाही, तेच त्यांचं काम आहे आणि त्यासाठी ते अकरा वर्षं शिकले आहेत. धान्य प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत त्यांचं टेबल आहे. टेबलावर चाळण्या, काचेच्या बरण्या, एक भिंग आणि अंगठ्याने दाबायचं मोजणीयंत्र. गोदामांतून पोत्यांचे नमुने येतात, चिरंजीव ते चाळतात, खाली पडलेले सोंडे मोजतात आणि पोतं खाण्यालायक आहे की नाही ते लिहून देतात. मी चाळीस वर्षं हेच काम सुपात केलं. मला कोणी परिषदेला बोलावलं नाही.

त्याला बोलावतात. धान्यातल्या किडींवर जगभर परिषदा भरतात, हे मला लग्न होऊन, मूल होऊन, ते मूल मोठं होऊन परिषदांना जाऊ लागेपर्यंत माहीत नव्हतं. दरवर्षी कुठे ना कुठे दोनशे-तीनशे शहाणी माणसं गळ्यात नावाची पट्टी अडकवून जमतात आणि तीन दिवस सोंड्यांविषयी बोलतात. सोंड्यांना याची कल्पना नसावी. असलीच, तर त्यांच्या वागण्यात फरक पडलेला नाही.

तर चिरंजीवांचं वय एक्केचाळीस. अंगकाठी किरकोळ, चष्मा जाड. लहानपणी पळताना पडायचा, आता चालताना पडतो. शेजारचा कुत्रा नुसता उठून बसला तरी हा रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आणि गेली सहा वर्षं हा माणूस हातात लोखंडी तलवार घेऊन अनोळखी लोकांशी लढतो. तेही परदेशात, परिषदेच्या खर्चाने मिळालेल्या तिकिटावर.

ही तलवारबाजी म्हणजे टीव्हीवर दिसते ती नव्हे. ती पांढऱ्या कपड्यांतली, तारा जोडलेली, लागलं की दिवा पेटणारी. ती त्याला पोरखेळ वाटते. याची तलवार पाचशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली, दोन्ही हातांनी धरायची, जमिनीवर उभी केली तर माझ्या हनुवटीला टेकणारी. धार नसते आणि टोक गोल केलेलं असतं, हे तो मला दर वेळी सांगतो, जणू बोथट लोखंडाने डोकं फुटत नाही. पूर्वी कुणी उस्तादांनी ही विद्या चित्रं काढून लिहून ठेवली, मग बंदुका आल्या आणि शिकवणारे संपले. आता जगभरातले हौशी लोक ती चित्रं समोर ठेवून, उजवा पाय पुढे होता की डावा, यावर वर्षानुवर्षं भांडतात. मी एकदा सुचवलं, “अरे, चित्रकाराला पाय काढता येत नसतील.” त्याने आणि घरी आलेल्या त्याच्या दोन तलवारवाल्या मित्रांनी, तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला उठले.

त्याच्या खोलीत भिंतीवर जगाचा नकाशा आहे. लाल टाचण्या म्हणजे किडींच्या परिषदा, निळ्या टाचण्या म्हणजे तलवारीच्या शाळा. लाल आणि निळी टाचणी एकमेकींना टेकली की चिरंजीवांना त्या परिषदेत एकदम शास्त्रीय रस निर्माण होतो. एका वर्षी सगळ्यात मोठी परिषद अशा गावी होती, जिथून सर्वांत जवळची निळी टाचणी चार बोटं लांब. हे म्हणजे आमचे मालक, म्हणाले, “या वर्षी जात नाहीस?”

“नाही हो बाबा,” चिरंजीव गंभीरपणे म्हणाले. “त्या परिषदेचा दर्जा घसरलाय.”

सूनबाईंची मदत होईल असं मला वाटलं होतं. पण ती फिजिओथेरपिस्ट. नवरा घरी आला की त्याचा दंड दाबून बघते, निळा डाग दिसला की खूश होते. “घरचं गिऱ्हाईक,” म्हणते. मी तक्रार केली तर म्हणाली, “आई, इतरांचे नवरे खुर्चीत बसून पाठ धरून घेतात. यांची निदान कारणासाठी धरते.”

पहिल्यांदा तो स्वतःची तलवार घेऊन निघाला, तेव्हा मी विमानतळावर सोडायला गेले होते. लांबलचक काळी पिशवी पट्ट्यावर ठेवली तसा तिथला अधिकारी पुढे आला.

“यात काय आहे?”

“तलवार.”

“कशासाठी?”

“परिषदेला चाललोय.”

“कसली परिषद?”

“साठवणुकीतल्या धान्याच्या किडींची.”

अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या कोणाला तरी सोडायला आल्यासारखी पाटीकडे बघत राहिले. आणखी दोघे आले. एकाने पिशवी उघडून तलवार उचलून बघितली आणि दुसऱ्याला म्हणाला, “मोठी कीड असणार.” तलवार सामानात गेली, चिरंजीव विमानात गेले, आणि माझा जीव पुढचे आठ दिवस टांगणीला लागला.

या शाळा तरी कसल्या! मला वाटलं होतं, दगडी इमारत, दारावर ढाली. एक बेकरीच्या तळघरात भरते. तिथे मास्तर दिवसभर लिफ्टा दुरुस्त करतात आणि संध्याकाळी मध्ययुग शिकवतात. दुसरी एका शाळेच्या व्यायामशाळेत, आधीच्या तासाच्या लहान मुलांच्या उड्या संपल्यावर. हा तिथे आदल्या महिन्यात पत्र पाठवतो, तोंडावरची जाळी आणि हातमोजे घेऊन जातो, आणि सगळे जण त्याला अगदी प्रेमाने बडवतात. मी रोज एकच निरोप पाठवायची, “डोळे आहेत ना?” उत्तर यायचं, “दोन.”

हे सगळं मी सहन केलं असतं. आई म्हणून जन्म घेतल्यावर पोटात गोळा हा अवयवच धरायचा. पण गेल्या वर्षी प्रकरण त्याच्या नोकरीपर्यंत आलं.

त्याच्या विभागाचे प्रमुख निवृत्त झाल्यापासून चार वर्षं तो प्रभारी होता. प्रभारी म्हणजे खुर्ची प्रमुखाची, शिव्या प्रमुखाच्या, पाटी मात्र दुसऱ्याची. आता ती जागा कायमची भरायची ठरलं. उमेदवार दोनच. एक हा, आणि दुसरा शेजारच्या टेबलावरचा, ज्याला सगळं कार्यालय इस्त्री म्हणतं. त्याच्या शर्टाला चुणी नसते आणि बोलण्यालाही नसते. त्याचं काही चुकल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही, कारण चूक बाहेर पडण्याआधी तो खोलीतून बाहेर पडलेला असतो.

पण या वेळी पारडं आमच्याकडे होतं. चिरंजीवांनी सोंडे पकडायचा नवा सापळा बनवला होता. बारीक भोकं पाडलेली बोटाएवढी नळी, धान्यात खुपसायची. जुन्या सापळ्यात जेवढे सोंडे पडतात त्याच्या दुप्पट या नळीत पडत होते. त्यावरचा निबंध परिषदेत वाचायचा, आल्यावर पंधरा दिवसांनी मुलाखत. प्रयोगशाळेच्या संचालकसाहेबांनी निबंधावर स्वतःचं नाव सगळ्यांत वर घातलं होतं. याचा अर्थ काम चांगलं आहे असा होतो, असं हे म्हणाले. साहेबांनी याला निघताना बजावलंही होतं, “वाचायचं, हसायचं, आणि कोणी अडचणीचं विचारलं तर म्हणायचं, फार चांगला प्रश्न आहे, आपण चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी कोणी बोलत नसतं.”

मी म्हटलं, “या वेळी तलवार नको रे.”

“अगं, निळी टाचणी अगदी लागून आहे.”

“मग परिषद झाल्यावर जा.”

“शाळा फक्त आदल्या संध्याकाळी भरते.”

गेला. आणि निबंधाच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. सूनबाईने आवाज मोठा केला, मीही ऐकत होते. आवाज पडलेला होता.

“काय झालं?” मी विचारलं. “डोळा?”

“नाही गं. दंड.”

या शाळांची एक रीत आहे, ती मला तेव्हा नीट कळली. मैत्रीच्या लढतीत पंच नसतो. जाड जाकीट घातलेलं असतं, समोरच्याला आपला वार बसला की नाही ते कळत नाही. म्हणून ज्याला लागतं त्याने स्वतः थांबायचं, डावा हात वर करायचा आणि कुठे लागलं ते सांगायचं. लागलं असं समोरच्याने कधी म्हणायचं नाही. म्हणजे मार खायचा, वर जाहिरातही आपणच करायची. असल्या खेळात माझ्या पोटचा गोळा रमतो.

त्या संध्याकाळी शेवटची लढत त्याची आणि एका बाईंची होती. बाई सहासष्ट वर्षांच्या, ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. सगळा वर्ग भिंतीला टेकून बघत होता. बाईंची तलवार याच्या दंडाला लागली.

“लागलं असं वाटलं,” तो सांगत होता. “पण खात्री नव्हती. सगळे बघत होते. मी तसाच पुढे गेलो.”

“मग?” सूनबाई.

“त्या थांबल्या. तलवार खाली केली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मला वाटलं दमल्या असतील. मी त्यांच्या खांद्यावर वार केला. त्यांनी लगेच हात वर केला. खांदा, म्हणाल्या.”

“सहासष्ट वर्षांच्या बाईला मारलंस?” मी म्हटलं.

“आई, ते महत्त्वाचं नाहीये.”

“तिच्या मुलाला विचार महत्त्वाचं आहे का ते.”

“जाकीट काढलं तेव्हा दंडावर केवढा तरी निळा डाग होता,” तो म्हणाला. “बाहेर गेलो तोवर त्यांची बस गेली होती. सांगायचं राहिलं.”

मी मनात म्हटलं, चला, एक डाग. स्वस्तात सुटलो. “आता ते सोड आणि निबंध नीट वाच,” मी म्हटलं. “पाणी पी. हसत राहा.”

दुपारी परिषद लॅपटॉपवर दिसणार होती. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. हे मधोमध, कारण चष्मा बदलायला वेळ नव्हता. चिरंजीव मंचावर आले, पायरीला अडखळले पण पडले नाहीत, हे शुभचिन्ह समजून मी श्वास सोडला. निबंध छान वाचला. तक्ते दाखवले, दुप्पट सोंडे दाखवले. शेवटी प्रयोगाच्या खोलीचा फोटो दाखवला, एका बाजूला जुन्या सापळ्यांच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला नव्या. टाळ्या पडल्या. मी यांचा हात धरला.

मग मागच्या रांगेतून एक पोरगी उठली. विद्यार्थिनीच असावी, केस विस्कटलेले.

“तो फोटो परत दाखवता का?” ती म्हणाली. “नव्या सापळ्यांच्या बरण्यांवर गजांची सावली दिसतेय. त्या खिडकीजवळ होत्या का? आणि जुन्या भिंतीकडे?”

मला प्रश्नच कळला नाही. सूनबाईला कळला. तिने टेबलावर कपाळ टेकलं.

“अगं, काय झालं?”

“आई, उन्हाने बरण्या गरम होतात. गरम झालं की सोंडे जास्त पळतात. जास्त पळाले की सापळ्यात जास्त पडतात.” ती मान वर न करता म्हणाली. “त्यात सापळ्याची करामत किती आणि उन्हाची किती?”

“मग काय? चहाच्या वेळी बोलू म्हणायचं,” मी पडद्याला सांगितलं. “म्हण रे. फार चांगला प्रश्न आहे म्हण.”

चिरंजीव फोटोकडे वळले. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. ती पोरगी तशीच उभी होती. आणि मग त्याने डावा हात वर केला. सरळ, डोक्याच्या वर, भर सभेत.

“त्याच्या हाताला काय झालं?” मी ओरडले. “खांदा निखळला! त्या बाईने मारलं तिथे—”

“निखळला नाही, आई,” सूनबाई म्हणाली. “वर केलाय.”

“खिडकीजवळ होत्या,” पडद्यावरून आवाज आला. “हे आमच्या लक्षात आलं नाही. तुमचं बरोबर आहे. दुप्पट हा आकडा आज मी खरा मानू शकत नाही.”

सभेत कोणी टाळी वाजवली नाही. सिनेमात वाजवतात. इथे लोकांनी खाली बघून कागद चाळले, आणि सभापतींनी वेळ संपल्याचं सांगितलं. वेळ संपायला पाच मिनिटं होती. समोरच्या घड्याळात मला दिसत होतं.

हे म्हणाले, “बरोबर बोलला.”

“तुम्हाला काय जातंय,” मी म्हटलं. “तुमचं निवृत्तीवेतन सुरू आहे.”

संध्याकाळी साहेबांचा फोन घरी आला. चिरंजीवांचा फोन बंद होता, म्हणून तो प्रसाद मला मिळाला. साहेबांचं म्हणणं एवढंच होतं, की निबंधावर त्यांचं नाव पहिलं आहे, आणि त्यांनी हात वर केला नव्हता. मग जरा शांत होऊन म्हणाले, “असं करा, आल्यावर त्याला एक पत्र द्यायला सांगा. प्रवासाचा शीण होता, त्या भरात बोललो, मूळ निष्कर्षावर ठाम आहे. बाकी मी बघतो.”

मला माणूस देवासारखा वाटला. मी भाषा विषय घेऊन पदवी मिळवली आहे, तिचा उपयोग लग्नपत्रिका तपासण्यापलीकडे झाला नव्हता. मी बसून ते पत्र स्वतः लिहिलं. ‘दीर्घ प्रवासामुळे आलेल्या थकव्याच्या परिणामी’, असं सुरू केलं. कुठे खोटं नाही, कुठे खरं नाही. इतकं गोळीबंद लिखाण मी परीक्षेतही केलं नव्हतं.

चिरंजीव आले, अंघोळ केली, पत्र वाचलं.

“छान लिहिलंयस, आई,” म्हणाले, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि ते तिथेच टेबलावर ठेवून प्रयोगशाळेत गेले.

“सही?” मी मागून ओरडले.

“नको गं.”

“अरे, कोणाचं काय जाणार होतं? सोंड्यांनी तक्रार केली असती?”

तो दारातून परत आला. “गोदामवाले माझ्या आकड्यावर पोती पास करणार, आई. जुनेच सापळे बरे होते असं निघालं तर?” एवढं बोलून जिना उतरला, आणि शेवटच्या पायरीवर अडखळला.

पुढचे पंधरा दिवस त्याने सगळा प्रयोग पुन्हा मांडला. बरण्यांच्या जागा रोज बदलायच्या, भिंतीकडच्या खिडकीत, खिडकीतल्या भिंतीकडे. शनिवार-रविवारही. जेवताना अंगठा आपोआप हलायचा, मोजणीयंत्र दाबल्यासारखा. शेवटी निघालं ते असं, की नवा सापळा जुन्यापेक्षा चांगला आहे, पण थोडासाच. जुन्यात दहा पडले तर नव्यात अकरा. त्या अकराव्या सोंड्यासाठी माझ्या मुलाने चार वर्षांची प्रभारी खुर्ची पणाला लावली होती.

मुलाखतीला तीन जण बसले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न परिषदेचा विचारला. याने नवे आकडे पुढे ठेवले आणि म्हणाला, चूक माझी होती, मांडणी मीच केली होती. दुसरा प्रश्न विचारायची त्यांना गरज वाटली नाही. इस्त्रीला म्हणे विचारलं, तुमच्या कामातली एखादी चूक सांगा. तो विचार करून म्हणाला, “मी कधीकधी गरजेपेक्षा जास्त काम करतो.” इस्त्री प्रमुख झाला. पाटी दुसऱ्या दिवशी लागली. चार वर्षं ज्या पाटीला सुतार मिळत नव्हता, तिला एका रात्रीत मिळाला.

मी त्या दिवशी बरंच बोलले. तलवारीबद्दल, टाचण्यांबद्दल, त्या ग्रंथालयवाल्या बाईंबद्दल. तो ऐकून घेत होता. बोलून बोलून मला दम लागायची वेळ आली तेव्हा त्याने पाण्याचा पेला पुढे केला.

महिन्याभराने, रविवारी सकाळी, दारात इस्त्री उभा. शर्ट तसाच कडक, हातात जाडजूड फाइल. मला वाटलं, पेढे द्यायला आला असेल. तेवढीही रीतभात नव्हती.

“चिरंजीव आहेत का, मावशी? थोडं काम होतं.”

“कार्यालयातलं काम घरी?”

“तसं नाही,” तो चपला काढताना म्हणाला. “गोदामांचा वार्षिक अहवाल वर जाणार आहे. माझी सही आहे. एकदा त्यांच्या नजरेखालून गेला म्हणजे…”

“तुम्ही तर प्रमुख,” मी म्हटलं. “तुमच्या नजरेला काय झालं?”

तो हसला. त्या हसण्याला पहिल्यांदाच एक चुणी दिसली. “मावशी, तिथे ज्याला विचारावं तो म्हणतो, साहेब, उत्तम आहे. साहेब, एकदम बरोबर आहे. तुमचा मुलगा तेवढा चुकलंय म्हणेल.”

चिरंजीव बाहेर आले, फाइल घेतली, पेन्सिल घेतली आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसले. इस्त्री त्यांच्यासमोर स्टुलावर, गुडघे जुळवून. मी चहा नेऊन ठेवला. तो निवेपर्यंत चिरंजीवांनी तीन ठिकाणी खुणा केल्या होत्या. तिसऱ्या खुणेवर इस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या हिशेबाने दोन गोदामांतलं सडकं धान्य उत्तम ठरत होतं.

“बरं झालं हो सांगितलंत,” तो पुन्हा पुन्हा म्हणाला. पुढच्या महिन्याचा अहवालही आणेन म्हणाला. मग चपला घातल्या आणि पाटी असलेल्या माणसासारखा ताठ चालत गेला.

मी कप उचलायला गॅलरीत गेले. तो अजून पेन्सिलचं टोक बघत बसला होता.

“पाटी त्याची, पगार त्याचा, आणि तपासणी तुझी,” मी म्हटलं. “छान सोय आहे. तुला काहीच कसं वाटत नाही रे? ती जागा गेल्याचं?”

तो काही तरी हलकं बोलेल, खांदे उडवेल असं मला वाटलं होतं. माझं पुढचं वाक्य तयार होतं.

“वाटतं,” तो म्हणाला. “फार वाटतं, आई. रोज त्या पाटीवरून जातो.”

कप तसेच ठेवून मी त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले.